डोक्यावरचे चाळीस टन

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या घराचे माळवद उतरवून तिथे स्लॅब टाकायचे ठरले, की इंजिनियर किंवा मिस्त्री एक एस्टिमेट हातात देतो. त्याची पहिली ओळ बहुधा अशी असते: जुने माळवद उतरवणे व माती वाहून नेणे, इतके ब्रास. घरमालक त्या ओळीवर थांबत नाही. त्याची नजर सरळ सिमेंट-लोखंडावर आणि तिथून शेवटच्या बेरजेवर जाते. मला मात्र त्या सगळ्या कागदात हीच ओळ सर्वांत जास्त थक्क करते.

हिशेब करून पाहू. वीस बाय तीस फुटांचे घर घेऊ, म्हणजे ६०० चौरस फूट छत. माळवदाची जाडी दीड फूट धरू. ही जाडी फार नव्हे, पुष्कळ घरांत ती दोन फुटांच्या पुढे असते. माती झाली ९०० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा नऊ ब्रास. चोपून बसवलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले, तर या मातीचे वजन चाळीस टनांच्या वर जाते. एका साध्या शेतकरी कुटुंबाच्या डोक्यावर चाळीस टन, आणि ते पेलायला लाकडाचे खांब! उतरवलेली माती सुटी होऊन फुगते, म्हणून नऊ ब्रास माती हलवायला ट्रॅक्टरच्या अकरा-बारा ट्रॉल्या लागतात. एस्टिमेटमध्ये खेपा नऊच धरलेल्या असतील, तर तो हिशेब पुढे वाढणारच.

एवढी माती वर गेली कशी? खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सरे, त्यांवर फळ्या किंवा किलचा, मग पाला-चिपाड, चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घर केवढे ते लोक खणांवरूनच सांगत. पांढरी मातीच का, याचे उत्तर आपल्या शेतात आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिचे छत पहिल्याच पावसात गळेल. गावठाणाची पांढरी तशी फुगत नाही. पहिल्या सरींनी ती घट्ट बसते आणि पुढचे पाणी उतारावरून पन्हाळीकडे सोडते. छताला मधे साणे ठेवलेले असे. त्यातून उजेड आत येई, चुलीचा धूर बाहेर जाई.

दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, माळवदावर पांढरीचा नवा थर पडे आणि धुम्मसाने चोपला जाई. काही माती पावसात धुऊन जाई, काही राही. जुनी माती खरवडून काढण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेई. वर्षाला अर्धा इंच जरी टिकला, तरी चोवीस वर्षांत एक फूट चढतो. घर गळू नये म्हणून घेतलेली काळजीच पिढ्यान्‌पिढ्या छताचे वजन वाढवत गेली.

त्या वजनाने दिलेला गारवा मात्र अद्‌भुत होता. दुपारच्या उन्हाची उष्णता मातीत शिरते तेव्हा दर साडेचार इंचांमागे तिचा चढउतार जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो आणि ती पावणेचार तास मागे पडते. दीड फूट माती ओलांडायला तिला चौदा-पंधरा तास लागतात. दुपारची झळ खाली पोहोचते ती दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि तोवर तिच्यात दोन-तीन टक्केच जोर उरलेला असतो. पाच इंची स्लॅबमधून तीच उष्णता तीन-साडेतीन तासांत उतरते, आणि निम्म्याला थोडा कमी एवढा जोर घेऊन. स्लॅबखालची खोली भर दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त का तापते, ते इथे उमगते. नव्या छताच्या एस्टिमेटमध्ये गच्चीला चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात धरलेला नसेल, तर तो जरूर घालून घ्यावा. खर्च थोडा, आणि मे महिन्यातल्या प्रत्येक रात्रीला त्याचा उपयोग.

आता दुसरी बाजू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत. भूकंपाचे बल ६.२ ते ६.४ नोंदले गेले आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले. आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरनेही तीच पहाट पाहिली. भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२ मध्ये मानक बदलले आणि तो तिसऱ्या झोनमध्ये गेला.

भूकंपात जमीन आडवी हलते आणि घराला सोबत ओढते. त्या वेळी छताकडून येणारा आडवा जोर छताच्या वजनाच्या प्रमाणात असतो. चाळीस टनांच्या छताचा नुसता दहावा हिस्सा धरला, तरी चार टनांचा आडवा हिसका, आणि तोही उलटसुलट, पुन्हा पुन्हा. आपल्या दगड-मातीच्या भिंती उभे वजन सहज पेलतात, पण आडव्या हिसक्यापुढे टिकत नाहीत. दोन-अडीच फूट जाड भिंत दिसते भक्कम. आत मात्र ती दोन वेगळ्या भिंतींची असते: बाहेरचा दगडांचा थर, आतला थर, आणि मधे कपच्या नि माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले, की हिसक्यासरशी थर एकमेकांपासून सुटतात.

त्या ढिगाऱ्यांत तज्ज्ञांना एक गोष्ट ठळक दिसली. जिथे छत खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होते, तिथे अनेक घरांच्या भिंती पडल्या, पण सांगाडा उभा राहिला. जिथे खांब नव्हते आणि तुळया सरळ भिंतीवर टेकलेल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छतही खाली आले. पुढे राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर गावांमध्ये घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणाचे काम निघाले. माळवदावरची माती कमी करणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार देणे, भिंतीचे दोन थर आरपार बांधणे आणि सगळ्या भिंतींना गुंडाळणारा सलग पट्टा बसवणे, असे उपाय तेव्हा सांगितले गेले. यातली बरीच कामे आजही थोडक्या पैशांत होतात. माळवद चांगल्या स्थितीत असेल, तर ते पाडण्याऐवजी माती अर्ध्या-पाऊण फुटावर आणून सांगाडा पक्का करणे हाही पर्याय आहे. त्याचेही वेगळे एस्टिमेट मागावे.

एस्टिमेट वाचताना सर्वांत आधी काय पाहायचे, ते मला या १९९३ च्या अनुभवातच सापडते. ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब २५० घनफूट भरतो, म्हणजे अडीच ब्रास, आणि त्याचे वजन साडेसतरा-अठरा टन. माळवदाच्या निम्म्याहून कमी. मग घर सुरक्षित झाले म्हणायचे का? तसे सहज म्हणता येत नाही. माळवदाचे चाळीस टन खांबांवरून जमिनीत जात होते, भिंती फक्त आडोसा होत्या. स्लॅब टाकताना जागा मोकळी व्हावी म्हणून खांब काढले आणि स्लॅब त्याच दगड-मातीच्या भिंतींवर टेकवला, तर ज्या भिंतींनी आजवर छताचे ओझे जवळजवळ उचललेच नव्हते, त्यांच्या माथ्यावर एकदम अठरा टन येतात. एकूण वजन घटले, पण भिंतीवरचे वाढले. म्हणून नव्या छताच्या एस्टिमेटमध्ये छताखालच्या ओळी आधी शोधाव्यात: कॉलम, त्यांची फुटिंग, बीम, भिंतींचा पट्टा. काळ्या मातीच्या जमिनीत फुटिंगचा खड्डा पक्का मुरूम लागेपर्यंत खाली गेला पाहिजे. म्हणूनच शेजाऱ्याच्या घराचे एस्टिमेट उतरवून घेऊन भागत नाही. त्याच्याकडे मुरूम चार फुटांवर असेल, तुमच्याकडे आठ.

आता स्लॅबच्या मुख्य ओळी. काँक्रीट ‘एकास दीडास तीन’ या प्रमाणात धरले, तर आपल्या २५० घनफूट स्लॅबला खडी २१० घनफूट लागते, वाळू १०५ आणि सिमेंट ५७ पोती, म्हणजे आणखी ७० घनफूट. बेरीज करा: ३८५ घनफूट. अडीचशे घनफुटांच्या साच्यात ३८५ घनफूट माल मावतो! उरलेला कुठे गेला? खडीच्या खड्यांमध्ये जी पोकळी होती तिच्यात वाळू शिरली, आणि वाळूच्या कणांमध्ये जी होती तिच्यात सिमेंट. चांगल्या काँक्रीटमध्ये रिकामी जागा जवळजवळ उरतच नाही. ती उरली, तर पाण्याला वाट मिळते आणि सळईला गंज. स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटर चालवायचा तो यासाठी. एस्टिमेटमध्ये त्याचे भाडे सहसा मजुरीत धरलेले असते. ते धरले आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

लोखंडाची ओळ तर वाचकाला स्वतः तपासता येते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि १६२ ने भागा. एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. आठ मिलिमीटरची सळई मीटरला ०.३९५ किलो, दहाची ०.६१७. हा १६२ आला कुठून? पोलादाचे वजन घनमीटरला ७,८५० किलो, त्यात वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र मिसळले की हाच आकडा उरतो. साइटवर हे सूत्र अनेकांना तोंडपाठ असते. बारा मीटरची आठची सळई ४.७४ किलो भरली पाहिजे. फार कमी भरत असेल, तर ती कागदावर आठची आहे, हातात नाही. आपल्या स्लॅबला साधारण पाचशे ते साडेपाचशे किलो लोखंड लागावे. याच्या निम्मे किंवा दुप्पट दिसले, तर कारण विचारावे.

काँक्रीटमध्ये लोखंड घालायचे कशासाठी? वरून भार आला की स्लॅब मधोमध किंचित लवतो. त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फार थोडा. म्हणून खोलीच्या मधल्या भागात सळई तळाशी असते आणि बीमच्या माथ्यावर, जिथे ताण वर येतो, तिथे ती वर वळवलेली असते. छज्ज्याला तर ती वरच हवी. स्लॅब ओतताना माणसे सळयांवरून चालतात, वरच्या सळया दबून खाली जातात आणि छज्जा कमजोर होतो. त्यांना जागेवर धरून ठेवणारे सळईचे तुकडे आणि तळाचे कव्हर ब्लॉक ही एस्टिमेटमधली सर्वांत किरकोळ रक्कम असेल, पण अख्ख्या लोखंडाचा उपयोग तिच्यावर अवलंबून आहे. आणि हे दोन पदार्थ एकत्र नांदतात तरी कसे? उन्हाने दोन्ही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. तसे नसते, तर आपल्या उन्हाळ्यात सळई काँक्रीटला आतून फोडून मोकळी झाली असती. निसर्गातला हा योगायोग नसता, तर जगातली निम्मी शहरे उभी राहिली नसती.

लोखंडाशिवाय हा ताण टाळता येतो का? येतो, आणि त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात, तेरला आहे. तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचा बौद्ध चैत्य. दीड हजार वर्षांच्या आसपासची ही वास्तू, मागची बाजू अर्धगोल आणि वर विटांचे कमानदार छत. छताचा आकारच असा की विटा एकमेकींना दाबत राहतात आणि ताण पडायला जागा उरत नाही. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या म्हणून प्रसिद्ध आहेत. छताचे वजन कमी ठेवण्याचा विचार या मातीत किती जुना आहे! आपल्या घराचे एस्टिमेट काढण्याआधी एकदा त्या छताखाली उभे राहून वर पाहून यावे.

सिमेंट वाळून घट्ट होते, असे आपण म्हणतो. खरे तर ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते. ते पाण्याखालीही घट्ट होते आणि पाणी संपले की कमजोर राहते. ५७ पोत्यांचा माल कालवायलाच चौदाशे लिटरच्या आसपास पाणी लागते. त्यानंतर स्लॅबवर आळी करून पाणी साचवायचे: निदान सात दिवस, आणि आपल्याकडे सर्रास मिळणारे मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-तापलेली असेल, तर दहा दिवस. ६०० चौरस फुटांवर एक इंच पाणी साचवायला पुन्हा चौदाशे लिटर. उन्हाळ्यात ते उडून जाते, रोज भर घालावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये बोअर कोरडी पडलेली असताना हे पाणी टँकरनेच येते. तरीही पाण्याची वेगळी ओळ फार थोड्या एस्टिमेटमध्ये दिसते, ‘पाणी मालकाचे’ म्हणून ती वगळली जाते. टंचाईच्या आपल्या जिल्ह्यात ती असलीच पाहिजे. नसली तर पाण्यात काटकसर होते आणि स्लॅबची ताकद आयुष्यभरासाठी घटते.

तेच छत पुढे पाणी देऊ लागते, हे आणखी नवल. वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर ६०० चौरस फुटांवर ३९ हजार लिटर पाणी पडते. ते पन्हाळीतून गल्लीत सोडायचे की पाइपाने टाकीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात न्यायचे, हे एस्टिमेट लिहितानाच ठरवावे. नंतर भिंती फोडून पाइप बसवणे महागात पडते. गच्चीच्या कोब्याला शंभर फुटांना एक फूट एवढा तरी ढाळ हवा, म्हणजे वीस फुटांत सुमारे अडीच इंच. तीस फूट लांब स्लॅब तापमानातल्या तीस अंशांच्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर लांबतो आणि आखडतो, तेव्हा कठडा आणि स्लॅब यांचा सांधा आधी उघडतो. पहिली गळती तिथूनच लागते. तो कोपरा गोल करून, वॉटरप्रूफिंग कठड्यावर फूटभर चढवून घ्यावे.

स्लॅब परवडत नसेल तर पत्रा. अर्धा मिलिमीटर जाड पत्रा चौरस मीटरला पाचेक किलो भरतो. सगळ्या घरावर मिळून पावणेतीनशे-तीनशे किलो, सांगाडा वेगळा. चाळीस टनांनंतर हे आकडे अविश्वसनीय वाटतात. भूकंपात पत्रा जवळजवळ निर्धोक. पण तो वाऱ्याचे भक्ष्य. वळवाच्या वादळात ताशी ८० किलोमीटरचा वारा आला, तर त्याचा दाब चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास होतो, आणि छताच्या कडांना तो वर खेचतो. दहा बाय तीन फुटांच्या चौदा किलोच्या पत्र्याला वर उचलणारे बल ऐंशी किलोंच्या पुढे जाऊ शकते. पत्र्यावर दगड ठेवतात ते याचसाठी, आणि वादळात तेच दगड घरात पडतात. जे-हुक, नटबोल्ट, वायसर आणि पाइपांना भिंतीत पक्के अडकवणारे अँकर ही पत्र्याच्या एस्टिमेटमधली खरी महत्त्वाची ओळ. पत्रा एक नंबर कमी जाडीचा घेतला तर एकवेळ चालेल, हुकांची संख्या कमी करू नये.

पैशांबद्दल थोडेच सांगतो, कारण भाव रोज हलतात. मजुरी चौरस फुटावर आहे की ब्रासवर, आणि त्यात सेंट्रिंग धरले आहे का, हे लिहून घ्यावे. ब्रास हे माप मातीला घनफुटांत आणि स्लॅब-प्लास्टरला चौरस फुटांत वापरतात, तेव्हा कुठला ब्रास तेही लिहावे. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने काढलेले एस्टिमेट नव्याने मागावे. आणि वजावटीची ओळ विसरू नये. माळवदातले सागवानी खांब, तुळया, फळ्या यांना चांगली किंमत येते, पांढरी माती शेतात जाते, दगड जोत्यात लागतो. उतरवणारा ठेकेदार ‘लाकूड आमचे, उतरवणी फुकट’ म्हणत असेल, तर आधी लाकूड मोजून त्याचा भाव काढावा.

आणि सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: या छताचे वजन कशावरून खाली जाणार आहे? त्याचे उत्तर एस्टिमेटमध्ये कॉलम, फुटिंग किंवा बळकट केलेल्या भिंतीच्या ओळीत दिसले पाहिजे. ती ओळ नसेल, तर बेरीज कितीही कमी असो, कागद परत करा आणि पूर्ण करून आणायला सांगा.